बाजेखालचं बंगलोरी कोहळं

बंगलोर
ता. ९ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
जीवनचा सा. न. वि. वि.

मी इथी खुशाल हाय. तुमी, आई, दोन्ही बैल अन् विहिरीवरची मोटर खुशाल असाल असं धरून चालतो.

दसऱ्याले आपण फोनवर चार मिनिटं बोललो, त्यात साडेतीन मिनिटं दोघंही एकाच वेळी बोलून राहिलो होतो. तेव्हाच आईनं हुकूम काढला की बापलेकांनी यापुढे पत्रच लिहायचं. तिचं बरोबर हाय. पत्रात मधात बोलता येत नाही, अन् राग आला तरी पत्र पोचेपर्यंत सहा दिवसांत थंडा होते. मी नववीतून शाळा सोडली तेव्हा गुरुजी म्हणाले होते की तुले जन्मात लिहायचं काम पडणार नाही. त्यांचा अंदाज चुकला, म्हणून माह्या चुकाही चालवून घ्या.

ताईनं अकोल्याहून फोटो पाठवला. वावराच्या कडेले, धुऱ्यावरचे सहाही वेल लागले अन् फळं चाळीसच्या वर. खरं सांगतो बाबा, फोटो मी तीनदा मोठा करून पाह्यला. ते बी मी पुडीत बांधून पाठवलं तेव्हा वाटलं होतं की तुमी ढेपीसंग म्हशीले चाराल. तुमी पेरलं, पाणी देल्लं, अन् मले सांगतलंही नाही.

त्याले इथी बटरनट म्हणतात. खानदान आपल्या कोहळ्याचंच, फक्त अंगानं लांबोडकं, कमरेत बारीक, अन् रंग पावाच्या वरच्या कवचासारखा. मी ज्या कॅफेत हाय तो एका आफिसाच्या बिल्डिंगीत खाली हाय. किचनमधे माह्यं काम कापाकापीचं. आठ महिने झाले. तुमी मोजत असालच, एका जागी मी इतका कधी टिकलो नव्हतो. रोज वीस-पंचवीस बटरनट माह्या हाताखालून जातात. आफिसातले लोक ते घासफुसावर टाकून खातात अन् फोटो काढतात.

आता मशीनचं सांगतो. आमच्या किचनमधे मोठी एअर फ्रायर आली, म्हणून शेफनं जुनी मले देऊन टाकली. तिचा दांडा तुटला होता, मी नवा बसवला. बडनेऱ्याचा अश्विन इथी लिफ्टवर हाय, तो संक्रांतीले घरी येऊन राहिला, त्याच्यासंग पाठवतो. दिसायले मशीन पिपासारखी हाय. समोरचा ड्रॉवर ओढायचा, त्यात फोडी टाकायच्या, ड्रॉवर लावायचा. वरून पंखा गरम वारा मारते. मे महिन्यात अकोल्याच्या बसस्टँडवर माणसाचं जे होते तेच अंदर कोहळ्याचं होते. तेल फक्त चमचाभर.

आईले वाचून दाखवा. फळ उभं मधातून कापायचं, बी काढायचं, साल सोलायची, पातळ असते. अंगठ्याएवढ्या फोडी करायच्या. चमचाभर तेल, मीठ, तिखट, जिऱ्याची पूड, हातानं चोळायचं. ड्रॉवर गच्च भरायचा नाही, एसटीसारखा तर अजिबात नाही, वाऱ्याले फिरायले जागा पाहिजे. दोनशेवर वीस मिनिटं, मधात एकदा काढून हलवायचं. कडा तांबूस झाल्या की झालं. वरून सांबार चिरून टाकायचा, इडलीसंगचा नव्हे, आपला कोथिंबिरीचा.

आता कामाची गोठ. ताई म्हणे, पाडव्यापासून मळा नांदगावच्या चंद्रभानकाकाले मक्त्यानं कसायले द्यायचं तुमच्या मनात हाय, कारण पोरगा काही परत येत नाही. बाबा, मले दोन वर्षं पाहिजे. शहरातले लोक काय खातात, कशासाठी थांबतात, कशाले नाक मुरडतात, हे मले इथी रोज दिसून राहिलं. ते शिकून मी येतो अन् तेच आपल्या वावरात लावतो. गोठ्यातले मशरूम बुडाले हे मले माहीत हाय. ड्रॅगनफ्रूटचे सिमेंटचे खांब अजून उभे हायत अन् त्यावर कावळे बसतात, हेही माहीत हाय. म्हणून या वेळी मी फक्त एक मागतो. एक फळ कापा, त्या मशीनीत शिजवा, खाऊन पाहा. नाही आवडलं तर द्या मळा चंद्रभानकाकाले, मी तोंडातून शब्द काढणार नाही. आवडलं तर दोन वर्षं आपल्याच हातात ठेवा.

आईले नमस्कार. माया होती तेवढीच राहू द्या, वाढवली तर नाही म्हणत नाही.

तुमचा
जीवन

---

मळा, बडनेरा
ता. २४ जानेवारी २०२५

चि. जीवन यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मशीन पोचली. अश्विननं ती पोत्यात घालून आणली, गावाले वाटलं कोंबडा आणला. तुह्या आईनं तिले हळदकुंकू लावलं अन् फडक्याखाली झाकून ठेवली. मांजर तिच्यावर झोपते. एवढाच उपयोग सध्या होऊन राहिला.

फळं संक्रांतीनंतर तोडली. त्रेचाळीस निघाली. दोन अमरावतीच्या बाजारात नेली होती. एकानं विचारलं, दुधीले कावीळ झाली काय. एका बाईनं उचललं, वास घेतला, परत ठेवलं अन् वांगे घेऊन गेली. ओमप्रकाश व्यापारी म्हणे, भगवंतराव, हे शोभेचं हाय का खायचं. मी म्हटलं पोराले विचारून सांगतो. दोन्ही परत आणली.

कापायचं म्हणतोस. आपल्या घरी अख्ख्या कोहळ्याले पहिला चाकू बाई लावत नाही, घरचा माणूस लावते, मग बाई पुढचं चिरते. तुह्या आजीच्या आधीपासून हाय. घरचा माणूस सध्या मी एकटा. मी लावणार नाही. ज्यानं पेरायले लावलं त्यानं येऊन लावावा. तोवर फळं बाजेखाली हायत. सडत नाहीत, हा त्यांचा एक गुण पाह्यला.

दोन वर्षं मागून राहिला. पाच वर्षांत नागपूर, सुरत, पुणं, हैद्राबाद अन् आता बंगलोर. दोन वर्षांनी तू कुठी असशील हे तूच सांग. चंद्रभान पाडव्याच्या आधी येऊन वावर पाहून जाणार हाय.

पाणी उकळून पी.

बाबा

---

बंगलोर
ता. १ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
जीवनचा सा. न. वि. वि. भाऊजींसही नमस्कार.

तुले फोन केला असता, पण फोनवर तू हसतेस अन् मग आपलं काम राहून जाते. शिवाय आता मले पत्राचा नाद लागला. रूमवरचे पोट्टे म्हणतात, जीवनभाऊ कोणत्या पोरीले लिहून राहिले. मी सांगतो, बापाले. कोणी विश्वास ठेवत नाही.

बाबाचं पत्र आलं. तुले सांगतो, पत्र काय, कुंपणाची तार हाय. कोहळ्याले पहिला चाकू ते लावणार नाहीत. आई लावू शकत नाही. मी लावावा असं म्हणणं हाय, अन् मी हजार कोसांवर. म्हणजे परीक्षा घ्यायची अन् पेपर तिजोरीत ठेवायचा. इथी आमच्या किचनमधे मिझोरामची एक पोरगी हाय, माह्यापेक्षा फटाफट कापते. एकाच घावात दोन भाग. तिले मी विचारलं, तुमच्याकडे आधी माणूस लागत नाही काय. ती म्हणे, माणूस कायले, सुरी लागते. हे बाबाले लिहू नको.

मले पाडव्याले येता येत नाही. इथी त्याच दिवशी उगादी असते, अर्धं किचन गावाले जाते, अन् जे उरतात त्यांची सुटी शेफ आताच नाही म्हणून बसला. म्हणून हे काम तुह्यावर. आई गुडघा दाखवायले तुह्याकडे येणार हाय ना. तिले म्हण, येताना मशीन अन् चार-पाच फळं आण. भाऊजी घरचेच माणूस, जवाई म्हणजे अर्धा पोरगा. त्यांच्या हातून चाकू लावून घे, माह्या पत्रातल्यासारखं शिजव, अन् डब्यात घालून आईसंग बाबाले पाठव. एकदा जिभेवर पडलं की पुढचं मी पाहतो.

ताई, मळा गेला तर बाबा दिवसभर करतील काय. चंद्रभानकाका चांगला माणूस हाय, वावर वाईट ठेवणार नाही. पण एकदा दुसऱ्याचा नांगर लागला की मी परत येऊन कोणत्या धुऱ्यावर उभा राहू. हे मी बाबाले लिहू शकत नाही, कारण ते विचारतील की मग आताच काहून येत नाही. अन् त्याचं उत्तर माह्याजवळ अर्धंच हाय. मले इथी काहीतरी येऊन राहिलं, पहिल्यांदा. ते पुरं यायच्या आधी उठलो तर हेही मशरूमच होईल.

अजून एक, पोटात ठेव. गोव्याच्या एका हॉटेलवाल्यानं बोलावलं हाय. समुद्राच्या काठावर किचन. जाऊ का नको, ठरलं नाही. पाय खाजवून राहिले.

भाचीले पापा. माह्यावरचा जीव उन्हाळ्यातल्या माठासारखा जपून ठेव.

तुहा
जीवन

---

अकोला
ता. १६ फेब्रुवारी २०२५

चि. जीवनला अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक आहोत. स्वयंपाकघराची एक भिंत सोडून. सांगते.

आई सोमवारी पॅसेंजरनं आली. मांडीवर मशीन, पायाशी पाच कोहळी. डब्यातल्या बायांनी तिला विचारलं की हे काय हाय, तर आईनं बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत सगळ्यांना तुझं पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. दोनशेवर वीस मिनिटं. एका बाईनं लिहून घेतलं म्हणे.

आता तुझ्या भाऊजींचं ऐक. एसटीत ड्रायव्हर नवरा असणं म्हणजे काय ते मलाच माहीत. प्रीतम त्याच सकाळी लातूरच्या गाडीवर गेले, परत बुधवारी. मी आईला म्हटलं, मी कापते, कोणाला सांगू नको. तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शेजारच्या देव्हाऱ्यातला देव उचलायला निघाले आहे. मग म्हटलं, शेजारी संघपालभाऊ आहेत, त्यांना बोलावते. ते बिचारे आलेही असते. आई म्हणे, घरचा माणूस पाहिजे, शेजारचा कसा चालेल. घरच्या कोहळ्याले परक्याचा हात लागला तर त्यापेक्षा ते बाजेखाली सडलेलं बरं.

मग तिचंच डोकं चाललं. म्हणे, वांगं भाजतो ते अख्खंच ना. आलू निखाऱ्यात घालतो ते अख्खेच ना. मग याले कायले चाकू पाहिजे. चाकूच नाही लागला तर पहिला कोणाचा हा प्रश्नच नाही. मला ते पटलं, हीच माझी चूक. पाचातलं सगळ्यात लहान निवडलं, ते ड्रॉवरमध्ये तिरपं बसलं. मी म्हटलं, निदान काट्यानं टोचे मारते, वाफ निघून जाईल. आई म्हणे, काटा म्हणजे चार चाकू. नाही मारू दिले.

वीस मिनिटांनी दाबून पाहिलं तर दगड. अजून वीस लावली. आम्ही दोघी बाहेर शेंगा फोडत बसलो, आई मला सांगत होती की जीवनच्या मशीनीचा आवाज पिठाच्या गिरणीपेक्षा बरा आहे. आणि तेवढ्यात फाडकन आवाज झाला. ड्रॉवर उघडून ओट्याच्या खाली, कोहळं भिंतीवर, कॅलेंडरवर, थोडं पंख्यावर. संघपालभाऊ सिलेंडर फुटला म्हणून अनवाणी धावत आले. मी खाली बसून हसत होते की रडत होते मला ठाऊक नाही. आणि आपली आई ओट्याशी गेली, ड्रॉवरमध्ये अर्धं उरलं होतं त्याकडे पाहिलं, आणि म्हणे, पाह्यलं, कोणी नाही कापलं, आपलं आपणच उघडलं.

मग तिनं बोट लावून चाखलं. मग चमचा घेतला. संघपालभाऊंनाही वाटीत दिलं. ते म्हणे, यात साखर घातली काय. काहीच घातलं नव्हतं.

पुढचं ऐकून तुझा शेफ डोकं आपटेल. आईनं त्या गराची बोंडं केली. गूळ, कणीक, वेलची, आणि कढई चढवून तेलात तळली. म्हटलं, आई, ही चमचाभर तेलाची मशीन आहे, जीवननं एवढं लिहिलं. ती म्हणे, मशीनीत तेल घातलं नाही, जीवनचं ऐकलं. आता कढईत काय करायचं ते मी पाहीन. अशी बोंडं मी उभ्या जन्मात खाल्ली नाहीत. बाबांसाठी डबा भरून नेला. त्यांनी नऊ खाल्ली असा फोन आला. कोणतं कोहळं म्हणून विचारलं तर आई म्हणे, वर्षालीकडची हायत. खोटं बोलली नाही.

तुझे भाऊजी बुधवारी आले, त्यांच्या हातून एक रीतसर कापून तुझ्यासारख्या फोडीही केल्या. भाचीनं सगळ्या संपवल्या. तेव्हा फळात दोष नाही, हे माझ्याकडून लिहून घे.

आता मोठी बहीण म्हणून. गोव्याचं वाचलं. समुद्राच्या काठावर भांडी वेगळी लागत नाहीत. बाबांनी तुला विचारलं होतं की दोन वर्षांनी तू कुठे असशील, आणि तू मला आठ दिवसांत सांगतोस की गोव्याला. मग त्यांचं काय चुकलं. आणि ते चाकू लावत नाहीत याचा अर्थ तुला अजून लागला नसेल, तर गुरुजींनी तुला नववीपर्यंत तरी कसं येऊ दिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी तुला ये म्हटलेलं तू ऐकलं आहेस काय. त्यांना दुसऱ्या तऱ्हेनं म्हणता येत नाही.

आई फोनवर सांगते ते लिहिते: जीवन, गुडघा बरा हाय. मशीन पुसून परत घरी आणून ठेवली. पंख्यावरचं निघालं नाही, राहू दे. बाबाले बोंडाचं सांगू नको.

तुझं बरं चालावं असं रोज म्हणते, तू पत्र टाकत राहिलास तर दोनदा म्हणेन.

तुझी
वर्षालीताई

---

बंगलोर
ता. ५ मार्च २०२५

ती. बाबांस,
जीवनचा सा. न. वि. वि.

तब्येत चांगली हाय. पाणी उकळून पितो.

आधी कबुली देतो. मागच्या महिन्यात आईनं अकोल्याहून आणलेली बोंडं तुमी खाल्ली, ती त्याच बंगलोरी कोहळ्याची होती. आईनं मले सांगू नको म्हटलं होतं, पण मी तुमाले म्हटलं होतं की खाऊन पाहा अन् ठरवा. न सांगता खाऊ घातलं तर ते ठरवणं नव्हे. ती नऊ बोंडं माह्या बाजूनं धरू नका. आईवर रागावू नका, तिनं खूप सोसलं. भिंतीचं ताईले विचारा.

तुमी विचारलं होतं की दोन वर्षांनी कुठी असशील. मी त्याचं उत्तर महिनाभर टाळलं, कारण तेव्हा गोव्याच्या एका हॉटेलातून बोलावणं होतं अन् माह्यं एक पाऊल उचललेलं होतं. ते मी मागच्या सोमवारी नाही म्हणून कळवलं. काही मोठं केलं असं नाही. फोन ठेवल्यावर दोन दिवस कशातच लक्ष लागलं नाही, चाकू बोटाले लागला. पण तिसऱ्या दिवशी शेफनं मले कापाकापीवरून उचलून भट्टीवर उभं केलं. आता मसाला मी लावतो, मशीन मी लावतो, अन् काय कच्चं राहिलं ते मी ठरवतो. तुमाले सांगायची हौस होती म्हणून सांगतलं.

परवा मी स्टाफसाठी आईची बोंडं करून पाह्यली, मशीनीत. गोफणीत घालून पाखरं उडवता आली असती. बोंडं तेलातच, हे आईले सांगा. शेफलेही सांगतलं.

आता कोहळ्याचं. पाडव्याले मले येता येत नाही. खरंच येत नाही, कारण सांगून तुमचा वेळ घेत नाही. तुमी म्हणता घरच्या माणसानं चाकू लावावा. बाबा, तुमी लावा. माह्याकडून लावा म्हणत नाही, तुमच्याकडूनच लावा, कारण पाणी तुमी देल्लं, निंदण तुमी केलं, मी नुसती पुडी पाठवली. अन् नसेल लावायचा तर नका लावू. मग चंद्रभानकाकाले मळा द्या, मी कुरकुर करणार नाही. फक्त एक मनात ठेवा, मी पळून गेलो म्हणून देऊ नका. या वेळी मी पळून नाही राहिलो.

आईच्या गुडघ्याले तेल लावून देत जा. ओढ इकडूनही तेवढीच हाय, असं समजून घ्या.

तुमचा
जीवन

---

मळा, बडनेरा
ता. २५ मार्च २०२५

चि. जीवन यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. बोटाले हळद लावली काय ते लिहिलं नाही.

बोंडाचं म्हणतोस, ते मले पहिल्या घासालेच कळलं होतं. तीस वर्षांपासून कोहळं पिकवून राहिलो. तुह्या आईले वाटते मले काही माहीत नाही. तिले तसंच वाटू दे. तिच्यासमोर पुन्हा विषय काढू नको, नाही तर मागून खायची सोय जाईल.

रविवारी चंद्रभान आला. नांदगावहून मोटरसायकलनं, उन्हात. वावर पाह्यलं, विहीर पाह्यली, तुह्ये खांब पाहून हसला. मले राग नाही आला, मी रोज हसतो. झेंडूचा पट्टा पाहून म्हणे, भगवंतराव, माती चांगली राखली. मक्त्याचं सगळं जवळपास ठरल्यासारखंच होतं. मग ओसरीत येऊन बसलो. तुही आई चहा ठेवायले गेली.

त्याचं लक्ष बाजेखाली गेलं. म्हणे हे काय हाय. मी म्हटलं, जीवननं लावायले लावलं होतं. म्हणे, अंदरून कसं निघते. मी म्हटलं, पाह्यलं नाही. तो हसाले लागला. म्हणे, दोन महिने झाले घरात हाय अन् अंदरून पाह्यलं नाही, तू कसा शेतकरी. त्याचं खोटं नव्हतं. कोपऱ्यात विळा होता. त्यानं एक फळ काढून मांडीवर घेतलं अन् विळा उचलला. माणूस मोकळा हाय, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

मी ते विळ्यासकट त्याच्या हातातून हिसकलं. जोरानं हिसकलं. आई चहा घेऊन आली होती, तिच्या हातचा एक कप सांडला. चंद्रभान माह्याकडे पाहतच राहिला. मी म्हटलं, घरचं हाय, घरचाच माणूस लावते. तो म्हणे, मग लाव ना, मी कुठी नाही म्हणून राहिलो.

मग लावला.

पहिला घाव तिरपा गेला. तुह्या आईले सांगतलं, विळ्याले धार नाही.

अंदरून झेंडूच्या रंगाचं निघालं, भर दसऱ्याच्या झेंडूच्या. बी नुसतं खालच्या गोळ्यात, वरचा दांडा पुरा भरीव. हे तू लिहिलं नव्हतं. आपल्या कोहळ्यात अर्धं तर बी अन् दोरेच निघतात. आईनं तुह्या पत्रासारख्या फोडी केल्या, मशीन लावली. लाईट एकदा गेली, परत आली. वरून सांबार टाकला. चंद्रभाननं तीनदा मागून घेतलं. मी दोनदा.

मक्त्याची गोठ त्यानंच काढली. मी म्हटलं, या पाडव्याले नाही. तो म्हणे, काहून, तूच बोलावलं होतं. मी विळा पुसून पुन्हा कोपऱ्यात ठेवला. त्यानं ते पाह्यलं अन् मक्त्याचं सोडून देल्लं. जाताना दोन फळं घेऊन गेला अन् म्हणे, पुढच्या साली बी ठेवजो.

तू दोन वर्षं मागतली. मी एक देतो. पुढच्या पाडव्याले तू वावरात उभा पाहिजे, भट्टी सोडून नव्हे, सुटी घेऊन. मग दुसऱ्या वर्षाचं बोलू. तुह्या शेफले आताच सांगून ठेव, उगादी आमच्याकडेही असते.

बी धुऊन राखेत घोळलं अन् सुपात वाळत घातलं. पन्नास वेलांचं होईल. धुऱ्यावर इतकी जागा नाही. विहिरीजवळच्या पट्ट्यात लावावं का झेंडूच्या बाजूनं, मले समजून नाही राहिलं. विहिरीजवळ ओल जास्त, झेंडूजवळ ऊन जास्त. तू ते फळ रोज कापतोस, कोणतं गोड निघते ते तुले ठाऊक. तुह्यं काय म्हणणं हाय ते लिही. तुह्यं पत्र येईपर्यंत दोन्हीकडे जागा सोडून ठेवतो.

बाबा